जामखेडच्या ग्राम आरोग्य सेविका

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथील सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने ज्या खेड्यातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यरक्षणाचे काम सोपवले, त्यांना ग्राम आरोग्य सेविका असे म्हणतात. यांतील बहुतेक स्त्रिया प्रारंभी निरक्षर होत्या आणि अनेकजणी दलित समाजातील होत्या. वैद्यकशास्त्राचे औपचारिक ज्ञान आणि जगण्यातून आलेले अनुभवज्ञान यांची सांगड घालून समाजाच्या तळाच्या थरातून नेतृत्व घडवण्याचे उदाहरण म्हणून या सेविकांचा उल्लेख केला जातो.

पार्श्वभूमी

डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे (मृत्यू १९९९) यांनी १९७० मध्ये जामखेड येथे हा प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर होते. नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करीत असताना, बरे होऊन घरी गेलेले रुग्ण त्याच आजाराने पुन्हा परत येतात, असे त्यांच्या ध्यानात आले. दूषित पाणी, कुपोषण, दारिद्र्य व अज्ञान ही आजारांची मुळे रुग्णालयाच्या भिंतींबाहेर होती. पुढे त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेतले व मायदेशी परतल्यावर अवर्षणप्रवण अशा जामखेड तालुक्याची निवड केली.

गावात राहण्यासाठी प्रथम प्रशिक्षित परिचारिका पाठवण्यात आल्या. परंतु बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकेला एकटीने गावात राहणे कठीण जाई आणि गावकऱ्यांना तिच्याविषयी आपलेपणा वाटत नसे. म्हणून त्याच गावात नांदणाऱ्या, बाळंतपणे व दुष्काळ अनुभवलेल्या प्रौढ स्त्रीला शिकवावे, असा विचार पुढे आला.

निवड व प्रशिक्षण

सेविकेची निवड गावाने करावयाची असे. शालेय शिक्षणाची अट नव्हती; गावाचा विश्वास आणि इतरांसाठी झटण्याची वृत्ती यांना महत्त्व होते. निवडलेल्या स्त्रिया ठरावीक दिवशी जामखेडला एकत्र येत आणि मुक्कामी राहत. निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांनी एका पंगतीत जेवणे आणि एकाच खोलीत झोपणे हाही या शिक्षणाचा भाग होता. त्या काळी गावात ही गोष्ट सहज घडणारी नव्हती.

अध्यापनासाठी चित्रे, गाणी, नाट्यप्रवेश व चर्चा यांचा उपयोग केला जाई. आधी स्त्रियांनी गावात पाहिलेले प्रसंग सांगावयाचे, मग त्यामागील कारण शोधावयाचे आणि शेवटी शास्त्रीय माहिती समजून घ्यावयाची, असा क्रम होता. उदाहरणार्थ, जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडण्याची प्रथा चर्चेस घेतली की, शरीरातील पाणी कमी झाल्याने मूल दगावते हे स्पष्ट केले जाई. त्यानंतर मीठ, साखर व पाणी यांचे योग्य मिश्रण करण्यास शिकवले जाई. शिकलेले ज्ञान गावात वापरून पाहावयाचे आणि पुढच्या भेटीत त्याचा अनुभव सर्वांपुढे मांडावयाचा असल्यामुळे शिक्षण कधी संपत नसे. सुरक्षित प्रसूती, लसीकरण, बालकांचे वजन, कुटुंबनियोजन, क्षयरोग व कुष्ठरोगाची ओळख हे प्रमुख विषय होते.

नेतृत्वाचा विकास

निरक्षरता, जात आणि स्त्रीत्व असे तिहेरी ओझे वाहणाऱ्या स्त्रीला प्रारंभी गावात मान मिळत नसे. सवर्ण घरातील अवघड बाळंतपण तिच्या हातून सुखरूप पार पडले किंवा आजारी मूल वाचले की हळूहळू तिचा शब्द ऐकला जाऊ लागे. या प्रक्रियेला तरुण शेतकरी मंडळे व महिला मंडळे यांची जोड मिळाली. पिण्याचे पाणी, वृक्षलागवड, बचत, बालविवाह व हुंडा असे प्रश्न महिला मंडळांत चर्चेला येऊ लागले. काही सेविकांनी पुढे ग्रामपंचायतीतही काम केले.

१९८८ मध्ये वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत मुक्ताबाई पोळ या सेविकेने भाषण केले. सभागृहातील झगमगती झुंबरे मोठ्या डॉक्टरांसारखी असून ती एका जागीच प्रकाश देतात. साधी पणती मात्र दुसरी पणती पेटवू शकते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

परिणाम व मूल्यमापन

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये परिसरातील बालमृत्यूदर दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ होता. पुढील दोन-तीन दशकांत तो फार मोठ्या प्रमाणात घटला. तथापि याच काळात राज्यातही बालमृत्यू कमी होत होते, त्यामुळे सर्व श्रेय एकट्या प्रकल्पास देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रकल्पातील गावांची शेजारच्या गावांशी तुलना करण्यात आली. जन्मानंतरचा पहिला महिना ओलांडलेल्या, पाच वर्षांखालील बालकांमध्ये मृत्यूचा धोका प्रकल्पातील गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या महिन्यातील मृत्यूंत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. गंभीर नवजात बालकांसाठी अनुभवी सेविकेइतकीच सुसज्ज रुग्णालयाचीही गरज असते, हे यावरून लक्षात येते.

प्रभाव

१९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यातील प्राथमिक आरोग्यसेवेच्या संकल्पनेला बळ देणाऱ्या प्रयोगांत जामखेडची गणना होते. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार आणि डॉ. रजनीकांत यांना १९९० मध्ये पद्मभूषण मिळाले. भारत सरकारने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत 'आशा' कार्यकर्तीची योजना आणली. गावातीलच स्त्री निवडण्याचे तत्त्व दोन्हींत समान आहे. मात्र 'आशा'साठी आठवी इयत्तेपर्यंतचे शिक्षण अपेक्षित धरण्यात आले आणि योग्य उमेदवार न मिळाल्यास ही अट शिथिल करण्याची मुभा ठेवण्यात आली. लेखी नोंदी ठेवण्यासाठी साक्षरता उपयुक्त असली, तरी अशा अटीमुळे सर्वांत वंचित थरातील अनुभवी स्त्रिया निवडीपूर्वीच वगळल्या जाण्याची शक्यता असते. शिक्षण ही निवडीची पूर्वअट मानावी की निवडीनंतर द्यावयाची गोष्ट, हा जामखेडच्या प्रयोगातून पुढे आलेला प्रश्न आजही महत्त्वाचा आहे.

जिल्ह्यातील अन्य उदाहरणे

वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन हिवरे बाजारचे सरपंच झालेले पोपटराव पवार आणि शाळेची पायरी न चढता देशी बियाण्यांचे जतन करणाऱ्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे या दोघांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. औपचारिक शिक्षण आणि अनुभव या दोन्ही वाटांनी ग्रामीण नेतृत्व घडू शकते, याची ही उदाहरणे आहेत.