हक्क मोडणाऱ्या साहेबाच्या खिशातून काय जाते?

गेल्या महिन्यात आमच्या विहारात तरुणांचा अभ्यासवर्ग होता. विषय मूलभूत हक्कांचा. कलम १४, १७, २१ वगैरे सांगून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, "ताई, हक्क संविधानाने दिला आणि साहेबाने तो मोडला. मग साहेबाच्या खिशातून काय जाते?"

खरे उत्तर 'बहुतेक वेळा काहीच नाही' असे आहे, आणि तरुणांसमोर ते म्हणायला जीभ रेटत नाही. पण हाच प्रश्न अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाने दीडशे वर्षे लावून धरला आहे. गेल्या काही वर्षांत तिथल्या काही घटक राज्यांनी त्यावर स्वतःचे कायदे केले. आपल्या चळवळीतल्या मुलांनी ते समजून घ्यावेत म्हणून हा लेख.

सुरुवात १८७१ पासून करावी लागते. गुलामगिरी कायद्याने संपली होती, चौदाव्या दुरुस्तीने समान नागरिकत्व दिले होते. पण दक्षिणेत कू क्लक्स क्लान रात्री घरे जाळत होते आणि तिथले शेरीफ, न्यायाधीश एक तर गप्प होते किंवा त्यात सामील होते. तेव्हा अमेरिकन संसदेने कायदा केला की राज्याच्या अधिकाराचा वापर करून कोणी संविधानिक हक्क हिरावला, तर पीडित व्यक्ती थेट केंद्राच्या न्यायालयात त्याच्यावर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावू शकेल. आज हा कायदा 'सेक्शन १९८३' म्हणून ओळखला जातो. हा आकडा सालाचा नाही, कलमाचा आहे. आमच्याच वर्गात दोघांची गल्लत झाली, म्हणून सांगते.

हे आपल्याला परके नाही. पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी आणि आर. श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तिच्यात आधार म्हणून अमेरिकेचे १८६६ आणि १८७५ चे नागरी हक्क कायदे दिले आहेत. १८७१ चा कायदा त्याच काळातला, त्याच लढ्यातला. यातला १८७५ चा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्येच मोडीत काढला होता.

१८७१ चा कायदाही जवळपास नव्वद वर्षे अडगळीत पडून होता. १९५८ मध्ये शिकागोत तेरा पोलीस पहाटे मन्रो नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात वॉरंट नसताना घुसले. आईवडिलांना मुलांसमोर विवस्त्र उभे केले, घराची नासधूस केली. वडिलांना दहा तास ठाण्यात बसवून आरोप न ठेवता सोडले. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अधिकाऱ्याने स्वतःच्या राज्याचाही कायदा मोडला असला तरी सेक्शन १९८३ खाली त्याच्यावर दावा चालेल. तिथून हे हत्यार खऱ्या अर्थाने हातात आले.

मग ते बोथट कसे झाले? मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराच्या बसस्थानकावर १९६१ मध्ये पंधरा धर्मगुरू फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या प्रतीक्षागृहात गेले. त्यात काळे होते, गोरेही होते. पोलिसांनी त्यांना अटक केली. अटकेविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६७ मध्ये न्यायालयाने म्हटले की पोलिसाने सद्हेतूने, कायदा वैध आहे असे समजून अटक केली असेल, तर त्याला तो बचाव घेता येईल. म्हणजे वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांच्या खटल्यातूनच अधिकाऱ्यांचे कवच तयार झाले. १९८२ मध्ये ते आणखी जाड झाले. अधिकाऱ्याचा हेतू काय होता हा प्रश्नच बाजूला पडला. हक्क 'स्पष्टपणे प्रस्थापित' होता का, एवढेच बघायचे ठरले. यालाच क्वालिफाइड इम्युनिटी म्हणतात.

ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की अगदी तशाच घटनेवर आधीचा निकाल दाखवा, नाहीतर घरी जा. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात झडतीच्या वेळी पोलिसांनी सव्वादोन लाख डॉलरहून अधिक ऐवज चोरल्याचा आरोप होता. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की वॉरंटखाली जप्त केलेला माल चोरणे हा संविधानाचा भंग आहे, असे त्या वेळी स्पष्टपणे प्रस्थापित नव्हते. दावा फेटाळला गेला. चोरी चूक आहे हे पोलिसाला कळायला आधीचा निकाल लागतो, हे तर्कशास्त्र पचायला कठीण आहे.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. त्यानंतर पंचवीस दिवसांत, १९ जूनला, कोलोरॅडोच्या राज्यपालांनी नव्या कायद्यावर सही केली. त्याची युक्ती साधी आहे. केंद्राचा कायदा बदलणे राज्याच्या हातात नाही. पण राज्याचे स्वतःचे संविधान आहे, त्यात स्वतःची हक्कांची सनद आहे. ती सनद पोलिसाने मोडली तर राज्याच्या न्यायालयात दावा लावता येईल आणि तिथे क्वालिफाइड इम्युनिटीचा बचाव चालणार नाही, असे कायद्यात लिहून टाकले. सहकारी हक्क मोडत असताना शेजारी उभे राहून न रोखणारा पोलीसही जबाबदार धरला. दावा जिंकल्यास वकिलाची फी समोरच्याकडून मिळते. गरीब माणसाला वकील मिळण्याचे निम्मे गणित इथेच सुटते.

खिशाच्या प्रश्नाचे उत्तरही या कायद्यात आहे. आपले कृत्य कायदेशीर आहे असे पोलिसाला प्रामाणिकपणे आणि वाजवीपणे वाटत नव्हते, असे ठरले तर निकालाच्या रकमेच्या ५ टक्के किंवा २५,००० डॉलर, यापैकी जे कमी असेल ते त्याने स्वतः भरायचे. बाकीचे सरकार भरते. मात्र तो प्रामाणिकपणे वागला की नाही हे ठरवतो त्याचाच मालक, म्हणजे पोलीस खाते. ही या कायद्याची लंगडी बाजू मला वाटते.

न्यू मेक्सिकोने २०२१ मध्ये वेगळी वाट धरली. तिथे दावा माणसावर नसून सरकारी संस्थेवर होतो, पोलीस असो की आणखी कोणते खाते. कायदा झाला तेव्हा भरपाईची मर्यादा २० लाख डॉलर होती. क्वालिफाइड इम्युनिटी तिथेही चालत नाही. पीडिताला पैसा मिळण्याची खात्री जास्त, पण अधिकाऱ्याला वैयक्तिक झळ नाही. इलिनॉय राज्याने डिसेंबर २०२५ मध्ये स्थलांतरितांवरील कारवाईत हक्क मोडणाऱ्यांवर, केंद्राच्या एजंटांवरसुद्धा, दावा लावण्याचा मार्ग कायद्याने खुला केला. केंद्र सरकारने लगेच त्याला आव्हान दिले.

वैयक्तिक दायित्वाने पोलिसांचे संसार उघड्यावर येतील, अशी ओरड नेहमी होते. प्राध्यापक जोआना श्वार्ट्झ यांनी ४४ मोठ्या पोलीस खात्यांचा २००६ ते २०११ चा हिशोब काढला. पीडितांना मिळालेल्या एकूण रकमेत पोलिसांच्या स्वतःच्या खिशातले पैसे ०.०२ टक्के निघाले.

आता आपल्याकडे या. बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटलेले कलम ३२ आणि उच्च न्यायालयासाठी कलम २२६, ही आपली दारे. बिहारचा रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष सुटला, पण तुरुंगातून बाहेर आला १९८२ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये त्याला एकूण ३५,००० रुपये देवविले. चौदा वर्षांचे पस्तीस हजार. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा या आईला कोठडीत मेलेल्या मुलासाठी १९९३ मध्ये दीड लाख मिळाले. मूलभूत हक्काच्या भंगात सरकारला सार्वभौमत्वाची ढाल वापरता येणार नाही, हे या निकालाने पक्के केले. पैसे मात्र सरकारच्या, म्हणजे तुमच्या माझ्या तिजोरीतून गेले.

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मरण पावलेल्या विधी शाखेच्या विद्यार्थ्याचे नाव इथे प्रत्येकाला पाठ आहे. त्या प्रकरणात पोलिसांवर साधा गुन्हा नोंदवण्यासाठीसुद्धा आईला औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले, आणि तो आदेश थांबवायला राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे सरकारला नकार मिळाला.

कोलोरॅडोसारखा कायदा महाराष्ट्रात नाही. पण ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ आहे, आणि ते आपण फार कमी वापरतो. अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाने जाणूनबुजून कर्तव्य टाळले तर सहा महिने ते एक वर्ष कैद. ही कर्तव्ये २०१५ च्या दुरुस्तीत नावानिशी लिहिली आहेत. गुन्हा नोंदवणे, फिर्याद वाचून दाखवणे, तिची प्रत देणे, ही सगळी त्यात येतात. अडथळा असा की आरोप ठेवायला आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, म्हणजे इथेही खातेच खात्याला तपासते. एरवीच्या फौजदारी खटल्यात अधिकाऱ्याचे कृत्य कर्तव्याच्या ओघातले असेल तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ नुसार सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही, तर ती परवानगी मिळाली असे धरले जाते. म्हणून अर्ज दिल्याची तारीख आणि पोच जपून ठेवणे कार्यकर्त्याचे पहिले काम.

पुढच्या अभ्यासवर्गाला मी त्या मुलीला कलम ४ मोठ्याने वाचायला सांगणार आहे. ठाण्यात फिर्यादीची प्रत नाकारली गेलेले वस्तीतले दोघेजण त्या दिवशी येणार आहेत. चौकशीच्या मागणीचा अर्ज आम्ही तिथेच बसून लिहू.