जोडीदाराचा कॅनडा प्रायोजकत्व अर्ज फेटाळल्यास : अपील की नवा अर्ज?

नवी दिल्ली : कॅनडात स्थायिक झालेल्या पती किंवा पत्नीने भारतातील जोडीदाराला बोलावण्यासाठी केलेला प्रायोजकत्वाचा, म्हणजे स्पॉन्सरशिपचा अर्ज नामंजूर झाला, की दोन्ही घरांत बहुधा एकच विचार होतो : आणखी छायाचित्रे, आणखी पावत्या, आणखी प्रतिज्ञापत्रे जोडून पुन्हा अर्ज करावा. कायद्याने त्याला मज्जाव नाही आणि दुसऱ्या अर्जापूर्वी ठरावीक काळ थांबण्याची सर्वसाधारण अटही नाही. परंतु फेटाळणीचे नेमके कारण ध्यानात न घेता केलेला दुसरा अर्ज पहिल्याच कारणावर अडण्याचा धोका असतो. शिवाय त्याची जुळवाजुळव करताना अपिलाची ३० दिवसांची मुदत हातची निघून जाऊ शकते.

विवाहाविषयीच शंका असल्यास नामंजुरीच्या पत्रात कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतील नियम ४(१) चा उल्लेख असतो. या नियमानुसार दोन प्रकारचे विवाह ग्राह्य धरले जात नाहीत. एक, जो मुख्यत्वे स्थलांतराचा लाभ मिळवण्यासाठी केला आहे. आणि दुसरा, जो खरा वैवाहिक संबंध नाही. ३० सप्टेंबर २०१० पूर्वी अर्ज फेटाळण्यासाठी या दोन्ही गोष्टी एकत्र आढळाव्या लागत. त्या दिवसापासून नियमातील ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ आला आणि दोहोंपैकी एक कारणही पुरेसे ठरू लागले. एका उभयान्वयी अव्ययाने किती संसारांचा हिशेब बदलावा, याचे हे बोलके उदाहरण आहे.

या दोन कारणांचा काळ वेगळा आहे आणि पुन्हा अर्ज करणाऱ्याने सर्वाधिक लक्ष येथेच द्यायला हवे. विवाह खरा आहे की नाही, हे निर्णयाच्या वेळच्या स्थितीवरून पाहिले जाते. त्यामुळे नंतरचे सहवासाचे दिवस, एकमेकांना पाठवलेले पैसे, रोजचे बोलणे यांना तेथे थेट महत्त्व आहे. हेतू मात्र विवाहाच्या वेळचा तपासला जातो. तो क्षण मागे पडलेला असतो. नंतरच्या वागण्यातून त्यावर प्रकाश पडू शकतो, पण तो बदलता येत नाही.

समजा, ब्रॅम्प्टन येथील एका घटस्फोटित अभियंत्याने साताऱ्याच्या तरुणीशी पहिल्या प्रत्यक्ष भेटीनंतर नवव्या दिवशी विवाह केला. रजा थोडी, म्हणून लग्न देवळात मोजक्या नातेवाइकांत उरकले. पत्रिका जुळलेली, व्हिडिओ कॉलवर तीन महिने बोलणी झालेली. साताऱ्यात कोणाला यात वावगे वाटणार नाही. फाइल पाहणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र दिसते ती घाई, छोटा समारंभ, वधूच्या बहिणीचे कॅनडातील वास्तव्य आणि पतीचा पहिला संसार का मोडला हे मुलाखतीत वधूला न सांगता येणे. अर्ज फेटाळल्यावर या दाम्पत्याने दोन वर्षांच्या कॉलच्या नोंदी आणि बँकेचे उतारे जोडून नवा अर्ज केला, तर विवाह आज खरा आहे हे दिसेल. तो त्या दिवशी, इतक्या लवकर का झाला, हा प्रश्न तसाच राहील.

त्या प्रश्नाचे उत्तर त्या काळातल्याच कागदांत शोधावे लागते : स्थळ सुचवणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र, विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळावरील नोंद, साखरपुड्यापूर्वीचे संदेश, रजा मंजूर झाल्याचे पत्र, विमानाची तिकिटे. पहिल्या विवाहाविषयी दोघांत केव्हा व काय बोलणे झाले, हे दोघांनी स्वतंत्रपणे आणि प्रामाणिकपणे लिहून देणे उपयोगी पडते. मुलाखतीत एखादे उत्तर चुकले असेल, तर ते का चुकले हे स्पष्टपणे मांडावे. चुकीवर पांघरूण घालणारा दुसरा अर्ज पहिल्यापेक्षा दुबळा ठरतो, कारण पहिली फाइल अधिकाऱ्यासमोर असतेच. अपत्याचा जन्म हा विवाहाच्या खरेपणाचा वजनदार पुरावा मानला जातो, तरी तोही एकटा निर्णायक नसतो.

फेटाळणीचे पत्र थोडक्यात असते. अधिकाऱ्याच्या मनातील शंका संगणकीय टिपणांत, म्हणजे ‘जीसीएमएस नोट्स’मध्ये असतात. कॅनडाच्या माहिती अधिकार कायद्याखाली केवळ पाच डॉलर शुल्क भरून त्या मागवता येतात. ही मागणी कॅनडातील प्रायोजक जोडीदाराच्या लेखी संमतीने करू शकतो. नव्या अर्जातील इतर खर्चाच्या तुलनेत ही रक्कम नगण्य आहे. टिपणे न पाहता दुसरा अर्ज करणे म्हणजे निदान न करता औषध घेण्यासारखे आहे.

अपिलाचा अधिकार जोडीदाराला नसून प्रायोजकाला असतो, ही बाब भारतातील कुटुंबांच्या अनेकदा लक्षात येत नाही. फेटाळणीची लेखी कारणे मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रायोजकाने ‘इमिग्रेशन अपील डिव्हिजन’कडे अपील दाखल करायचे असते. त्यासाठी शुल्क नाही. येथे प्रकरणाचा विचार नव्याने होतो : प्रथम अर्जात नसलेला पुरावा देता येतो, दोघांची साक्ष होते, भारतातील जोडीदार दूरध्वनी किंवा व्हिडिओद्वारे बोलू शकतो आणि सरकारचे प्रतिनिधी उलटतपासणी घेतात. गैरसमज बोलण्यातून दूर होण्यासारखा असेल, तर कागदी अर्जापेक्षा हे व्यासपीठ बरे. मात्र मानवतेच्या आधारावर सवलत हवी असल्यास आधी विवाह नियमात बसतो हे सिद्ध करावे लागते. वृद्ध सासू-सासरे, विरह, लहान मूल हे मुद्दे त्यानंतरचे. अपील जिंकले तरी लगेच व्हिसा मिळत नाही. फाइल पुन्हा व्हिसा कार्यालयाकडे जाते आणि वैद्यकीय व सुरक्षा तपासणी पूर्ण व्हावी लागते.

कॅनडात राहूनच ‘इन-कॅनडा’ वर्गात अर्ज करणाऱ्या दाम्पत्यांना हे अपील उपलब्ध नाही. त्यांच्यासाठी फेडरल कोर्टाच्या परवानगीने न्यायिक पुनर्विलोकन आहे आणि कॅनडात झालेल्या निर्णयासाठी त्याची मुदत केवळ १५ दिवसांची आहे.

अपील प्रलंबित ठेवून सोबत नवा अर्जही करावा, हा विचार स्वाभाविक असला तरी नियमांत बसत नाही. त्याच जोडीदारासाठी केलेल्या आधीच्या अर्जाचा अंतिम निर्णय झालेला नसताना प्रायोजकाला दुसरा अर्ज करता येत नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही, ते यामुळे. म्हणून पहिल्या ३० दिवसांतील निवड जपून करावी लागते. अर्जातच खरोखर उणीव होती, पुरावा अपुरा होता किंवा परिस्थिती ठळकपणे बदलली आहे, अशा वेळी नवा अर्ज योग्य ठरू शकतो. उणीव नसून अधिकाऱ्याचे आकलन चुकले असेल, तर अपील.

अपील हरल्यानंतरचा नवा अर्ज हा सर्वांत कठीण. तोही फेटाळला गेला आणि पुन्हा अपील केले, तर एकदा निकाली निघालेला प्रश्न पुन्हा उपस्थित केल्याच्या कारणावरून ते सुनावणीविनाच फेटाळले जाऊ शकते. कॅनडाच्या फेडरल कोर्ट ऑफ अपीलने २००० साली अशाच एका प्रकरणात विवाहाच्या वेळचा हेतू स्थिर असल्याचे तत्त्व मान्य केले. त्यानंतर केवळ नवी छायाचित्रे पुरत नाहीत. पूर्वी मिळवणे शक्य नव्हते आणि निकाल बदलू शकेल असा पुरावा लागतो. अर्धवट तयारीने केलेले अपील म्हणूनच महागात पडते.

हेतूशी संबंध नसलेली कारणेही असतात आणि ती तुलनेने सोपी असतात. प्रायोजक अपंगत्वाखेरीज अन्य कारणाने सरकारी निर्वाहसाहाय्य घेत असेल किंवा स्वतः जोडीदार म्हणून प्रायोजित होऊन कॅनडात आला असून त्याला कायम निवासी होऊन पाच वर्षे झाली नसतील, तर तो अपात्र ठरतो. येथे अपात्रता संपेपर्यंत थांबून अर्ज करणे हाच सरळ मार्ग.

पहिल्या विवाहाचा घटस्फोट सिद्ध न होणे ही भारतीय प्रकरणांतील खास अडचण. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २९(२) ने रूढीने होणारे घटस्फोट मान्य केले आहेत. महाराष्ट्रातील काही समाजांतील काडीमोड त्यांत मोडते. परंतु स्टॅम्प पेपरवरील काडीमोडीचा करार परदेशी अधिकाऱ्याला पटेलच असे नाही. अशा वेळी रूढी सिद्ध करून भारतीय न्यायालयाकडून वैवाहिक स्थितीविषयी हुकूमनामा मिळवावा आणि मगच नवा अर्ज करावा, हे हिताचे. दूरध्वनीवरून किंवा प्रतिनिधीमार्फत झालेले विवाह सर्वसाधारणपणे २०१५ पासून ग्राह्य धरले जात नाहीत.

माहिती दडवल्याचा किंवा खोटी दिल्याचा ठपका सर्वांत गंभीर. त्यामुळे जोडीदार पाच वर्षे अपात्र ठरतो आणि त्या काळात कायम निवासाचा अर्जच करता येत नाही. पुन्हा अर्जाचा मार्ग बंद असल्याने अपिलाला महत्त्व येते. या ठपक्यावर इतर अनेकांना नसलेला अपिलाचा अधिकार जोडीदाराच्या प्रकरणात कायद्याने राखून ठेवला आहे.

मोबदला घेऊन सल्ला देण्याचा अधिकार कॅनडाच्या कायद्यानुसार तेथील वकील, संबंधित परवानाधारक आणि मान्यताप्राप्त इमिग्रेशन सल्लागार यांनाच आहे. गावातील एजंटाने भरलेल्या अर्जातील चुकीची जबाबदारी सहसा अर्जदारावरच येते. नव्या अर्जात, तसेच मधल्या काळात केलेल्या पर्यटक व्हिसाच्या अर्जातही, पूर्वी अर्ज नाकारला गेला होता का, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते. ते ‘नाही’ असे लिहिले गेल्यास विवाह कितीही खरा असला तरी पाच वर्षांच्या अपात्रतेची टांगती तलवार नव्याने डोक्यावर येते.