पेस्ट लावणारे हात

दसरा जवळ आला की दिंडोरी, निफाड, चांदवडकडच्या द्राक्षबागांत गोडी छाटणीची घाई सुरू होते. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून मजुरांच्या टोळ्या आलेल्या असतात. पुढे कात्री चालते आणि एक-दोन दिवसांत तिच्या मागून पेस्ट येते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात स्पंज नाहीतर कापडाचा बोळा, आणि प्रत्येक काडीवरचे शेंड्याकडचे डोळे, म्हणजे फुटीचे अंकुर, माखत पुढे सरकायचं. कुठला डोळा लावायचा राहिला ते कळावं म्हणून पेस्टमध्ये गेरू किंवा रंग मिसळतात. दुपारपर्यंत तोच रंग बोटांवर, मनगटावर आणि घाम पुसताना कपाळावर आलेला असतो. घाम तर येणारच. ऑक्टोबरचं ऊन द्राक्षाच्या मांडवाखालीही सोडत नाही.

पेस्टमधलं रसायन म्हणजे हायड्रोजन सायनामाइड. बागायतदार त्याला सरसकट ‘डॉर्मेक्स’ म्हणतात, मग बाटली कुठल्याही कंपनीची असो. बाटलीत साधारण निम्मं रसायन आणि निम्मं पाणी असतं. बागेत लिटरभर पाण्याला त्यातलं तीस-चाळीस मिलिलिटर पुरतं.

त्याची गरज का पडते, हे कळायला वेलीचं गाव आठवावं लागतं. द्राक्ष हे कडक हिवाळ्याच्या मुलखातलं पीक. तिकडे थंडी खाऊन डोळ्यांची झोप पुरी होते आणि वसंतात ते बरोबरीने फुटतात. नाशिकच्या वेलीला ती थंडी छाटणीआधी मिळत नाही. नुसती छाटणी केली तर शेंड्याचा डोळा आधी फुटतो आणि खालच्यांना दाबून ठेवतो. मग बाग मागेपुढे फुटते, घड मागेपुढे येतात, फवारणीचं वेळापत्रक कोलमडतं. सायनामाइड इथे थंडीची उणीव भरून काढतं. डोळ्याच्या पेशींत कॅटलेज नावाचं विकर हायड्रोजन पेरॉक्साइड निकामी करत असतं. सायनामाइड या विकराला अडवतं, पेरॉक्साइड साचतं, पेशींवर ताण येतो आणि त्या धक्क्याने डोळा जागा होतो. यंत्रणेचे सगळे धागे अजून उलगडले नसले तरी मुख्य धागा हाच मानला जातो.

कॅटलेज आपल्या यकृतातही भरपूर असतं, आणि तिथे गोष्ट उलटी फिरते. वेलीत कॅटलेजला अडवणारं सायनामाइड माणसाच्या शरीरात शिरलं की हेच कॅटलेज त्याचं रूपांतर नायट्रॉक्सिल नावाच्या अल्पायुषी पण तिखट रेणूत करतं. हा रेणू जाऊन बसतो तो आल्डिहाइड डिहायड्रोजिनेज या दुसऱ्याच विकरावर. दारू पोटात गेली की यकृत आधी तिचं ॲसिटाल्डिहाइड करतं. ते विषारी असतं, म्हणून हे दुसरं विकर ते लगोलग निरुपद्रवी ॲसिटेटमध्ये बदलून टाकतं. विकर बंद पडलं की ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचत जातं. चेहरा आणि मान लालबुंद होते, डोकं ठणकतं, छाती धडधडते, श्वास लागतो, उलट्या होतात. प्रमाण जास्त असेल तर रक्तदाब कोसळून माणूस खाली पडतो.

दिवसभर पेस्ट लावून आलेल्या गड्याने संध्याकाळी घोटभर घेतली आणि त्याला असं झालं, तर वस्तीवर काय म्हणतील? जास्त झाली, नाहीतर दारू खराब होती. सकाळच्या पेस्टच्या डब्याशी त्याचा संबंध जोडायचं कुणाला सुचत नाही. मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय हाच वाटतो. ज्याला विषबाधा झाली, त्यालाच दारुडा म्हणून दोष मिळतो.

हा संबंध विज्ञानाला नवा नाही. कॅल्शियम सायनामाइड हे खत बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना थोड्याशा दारूनेही असा त्रास होतो, हे जर्मन डॉक्टर फ्रांझ कोएल्श यांनी १९१४ साली नोंदवलं. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एका रबर कारखान्याच्या डॉक्टरने थायरम जातीच्या रसायनांत वावरणाऱ्या कामगारांबद्दल तेच लिहिलं. बियाण्याला चोळतात तेच हे थायरम. पुढे १९४८ मध्ये कोपनहेगनच्या येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन यांनी डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध पुढे आणलं. जंतांवर चालेल का हे पाहण्यासाठी त्यांनी ते स्वतःच घेतलं होतं, आणि नंतर दारू घेतल्यावर त्यांची तब्येत बिघडली. सायनामाइडही याच कामासाठी औषध म्हणून वापरलं गेलं, जपानमध्येही. म्हणजे डॉक्टर जे मोजून-मापून, लेखी सूचना देऊन पाजतात, ते आपल्याकडे मजुराच्या कातडीतून बेहिशेब आत जातं. डायसल्फिरामपेक्षा सायनामाइडचा परिणाम लवकर सुरू होतो आणि लवकर ओसरतो. तरी पेस्टचं काम चालू असताना, त्याच्या आदल्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारू वर्ज्य ठेवणं शहाणपणाचं. खोकल्याच्या काही औषधांत आणि टॉनिकांतही अल्कोहोल असतं, तेही यात धरायचं.

दारूला न शिवणाऱ्यांनाही सुटका नाही. हे रसायन त्वचा जाळतं, वारंवार लागलं तर ॲलर्जी जडते, बोटांची सालं निघतात. आणि कातडी सगळीकडे सारखी नसते. १९६७ मध्ये फेल्डमन आणि माइबाख या अमेरिकी संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे औषध शरीराच्या वेगवेगळ्या भागांना लावून किती शोषलं जातं ते मोजलं. कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूच्या तुलनेत कपाळातून सुमारे सहापट, जबड्याच्या कोपऱ्यातून तेरापट आणि अंडकोषाच्या त्वचेतून बेचाळीसपट औषध आत गेलं. रसायन बदललं की आकडे बदलतील, पण कपाळ पुसणं आणि हात न धुता लघवीला जाणं किती महागात पडू शकतं याचा अंदाज येतो. हात जेवणाआधी धुवायचे हे सगळ्यांना माहीत असतं. पेस्टच्या दिवसांत ते लघवीला जाण्याआधीही धुवायचे, हे कुणी सांगत नाही.

हातमोजे देतात की, असं बागायतदार म्हणतात. कुठले, हा प्रश्न आहे. सुती मोजे ओले झाले की रसायन त्वचेशी धरून ठेवतात. त्यापेक्षा उघडा हात बरा, कारण तो निदान धुतला तरी जातो. डॉक्टरांकडचे पातळ मोजे तारेला लागून दुपारपर्यंत फाटतात. लांब बाह्यांचे जाड नायट्राइलचे मोजे हवेत, आतून कोरडे, फाटले की बदलण्यासाठी दुसरा जोड हाताशी असलेले. त्यात घाम साचतो, बोटांना डोळा नीट जाणवत नाही आणि काम हळू होतं. एकरावर उक्तं काम घेतलेली टोळी असे मोजे काढून ठेवणारच, त्यात तिचा काय दोष? मोज्यांचा खर्च आणि मंदावलेला वेग दोन्ही उक्त्याच्या दरात धरले, तरच ते हातात राहतील.

यवतमाळमध्ये २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. तेव्हापासून फवारणीच्या किटबद्दल निदान बोललं तरी जातं. पेस्ट त्या बोलण्यात येत नाही. ती उडत नाही, तिचं धुकं होत नाही, त्यामुळे ती ‘औषध मारणं’ वाटतच नाही.

युरोपीय संघाने २००८ मध्ये सायनामाइडला आपल्या मंजूर यादीत घेण्यास नकार दिला. त्यामागचं ठळक कारण फळावरचे अवशेष हे नव्हतं. ते वापरणाऱ्या माणसाच्या अंगात सुरक्षित मर्यादेपेक्षा जास्त रसायन जाईल, असा हिशेब निघाला होता. त्याआधी २००२ मध्ये इटलीने द्राक्षबागांतल्या विषबाधांनंतर विक्री काही काळ थांबवली होती. आपल्याकडे मात्र सगळी यंत्रणा फळाभोवती उभी आहे, आणि तिलाही इतिहास आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या, म्हणजे बागेतल्या ‘लिहोसिन’च्या अवशेषांवरून युरोपने भारतीय द्राक्षं अडवली आणि नाशिकच्या निर्यातदारांचे हाल झाले. त्यानंतर तपासणी आणखी कडक झाली. आज पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली मण्यांतले अवशेष किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजले जातात. पेस्ट लागते ऑक्टोबरात, काढणी होते फेब्रुवारी-मार्चमध्ये. तोवर ते रसायन मण्यात शोधण्याचं कारण उरत नाही. म्हणून रॉटरडॅमच्या ग्राहकाला त्याची फिकीर नाही आणि इथल्या प्रयोगशाळेलाही नाही. निर्यातीच्या बागांना ग्लोबलगॅपच्या प्रमाणपत्रासाठी मजुरांच्या संरक्षक साधनांचे रकाने निदान भरावे लागतात. स्थानिक बाजारात जाणाऱ्या बागेला तोही जाच नाही.

त्रास झालाच तर दवाखान्यात जाताना बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्यावं, आणि ‘पेस्ट लावत होतो, नंतर दारू घेतली’ हे लाज न बाळगता सांगावं. नावातल्या साम्यामुळे सायनाइडशी गल्लत होऊ शकते, पण हे सायनाइड नव्हे आणि सायनाइडचा उतारा इथे उपयोगाचा नाही. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांवर देतात ते ॲट्रोपिनही याचा उतारा नव्हे. खास उतारा नाहीच. सलाइन, ऑक्सिजन, रक्तदाबावर लक्ष आणि अंगावरचे माखलेले कपडे उतरवून भरपूर पाण्याने धुणं, एवढ्यावर बहुतेक रुग्ण सावरतात. कपडे उतरवणाऱ्याने आधी स्वतः मोजे घालावेत.