गाडी जुनी, इंजिन नवे

डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता. याच कंपनीने १९८५ साली '११८ एनई' ही मोटार आणली. तिचा सांगाडा मूळ १९६६ सालच्या फियाट १२४चा. इंजिन मात्र निसानचे, ११७१ सीसीचे. एका गाडीत दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवायचे तर निवड कशी करावी? केवळ अश्वशक्ती पाहून?

ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींचे एक उदाहरण पाहू. १९६२ सालच्या एमजीबी गाडीत ९५ अश्वशक्तीचे इंजिन होते. १९६७ साली त्याच सांगाड्यात १४५ अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे लोखंडी इंजिन बसवून एमजीसी तयार झाली. हे इंजिन सुमारे ९५ किलोने जड होते. गाडी पुढून जड झाली, वळणावर हवी तशी वळेना, अशी टीका झाली. १९६९ साली तिचे उत्पादन थांबले. पुढे १९७३ साली रोव्हरचे आठ सिलिंडरचे ॲल्युमिनियमचे इंजिन बसवले. ते १३७ अश्वशक्तीचे, पण वजनाने जवळजवळ मूळ इंजिनाइतकेच. शक्ती थोडी कमी, पण तोल टिकला.

गणित सोपे आहे. समजा, १००० किलोच्या गाडीचा ५३० किलो भार पुढच्या चाकांवर आहे. नेमका पुढच्या आसावर ९५ किलो भार वाढवला, तर पुढचा भार ६२५ किलो, म्हणजे एकूण १०९५ किलोच्या ५७ टक्के होतो. तोच भार आसाच्या मागे सरकवला, तर त्यातला काही मागच्या चाकांवर जातो.

वजनानंतर पाहायचे ते ब्रेक, रेडिएटर आणि गिअर. शक्ती वाढली की उष्णता वाढते, वेग वाढला की थांबण्याचे अंतर.

कायदाही पाहावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार असा बदल मालकाला मनाला येईल तसा करता येत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची २०२१च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी हवी असेल, तर इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणून मूळ इंजिन दुरुस्त होत असेल, तर तेच बरे.

वर्गात मीटरपट्टीची दोन टोके दोन ताणकाट्यांना टांगा. अर्धा किलोचे वजन पट्टीवर सरकवत दोन्ही काट्यांवरील आकडे विद्यार्थ्यांना लिहून घ्यायला सांगा. एमजीसीचे काय चुकले, ते त्यांचे त्यांनाच उमगेल.