डिरेक्टरीतली नोंद आणि गुगलवरचा क्रमांक

वेब डिरेक्टरी म्हणजे वेबसाइटांची विषयवार सूची. टेलिफोनच्या यलो पेजेसमध्ये वकील, सुतार, रंगारी अशी वर्गवारी असे, तशीच ही. फक्त नावापुढे फोन नंबराऐवजी वेबसाइटचा पत्ता आणि एकदोन ओळींची माहिती असते. अशा सूच्यांत नाव घातले की वेबसाइट गुगलवर वर येते, हा समज अजून टिकून आहे आणि त्याच्या जोरावर छोट्या दुकानदारांना, दवाखान्यांना, क्लासचालकांना आजही पॅकेजे विकली जातात. एके काळी हा समज अगदी खरा होता. तो कशामुळे खरा होता हे पाहिले, की आज तो कुठे लागू पडतो आणि कुठे पडत नाही याचा उलगडा होतो.

१९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरी यँग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी वेबसाइटांची एक यादी करायला घेतली. तिचेच पुढे याहू झाले. याहूची डिरेक्टरी माणसे चालवत. वेबसाइट उघडायची, ती कशाबद्दल आहे हे वाचून ठरवायचे, योग्य खणात ठेवायची, असे ते काम. १९९८मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी हेच काम स्वयंसेवकांकडून करून घेणारा प्रकल्प सुरू केला. तो त्याच वर्षी नेटस्केपने घेतला आणि ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट किंवा थोडक्यात डीमॉझ या नावाने तो जगभर ओळखला जाऊ लागला.

गुगलचा जन्मही १९९८चाच. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँक नावाचा हिशोब मांडला. एका पानाने दुसऱ्या पानाला लिंक दिली की ते एक मत धरायचे, आणि ज्या पानाला स्वतःला भरपूर मते आहेत त्याच्या मताला जास्त वजन द्यायचे, हे त्याचे सूत्र. याहू आणि डीमॉझ यांना त्या काळी हजारो वेबसाइटांकडून लिंक मिळत असत, त्यामुळे त्यांच्या मताला मोठे वजन होते. शिवाय ते मत एका माणसाने वेबसाइट वाचून दिलेले असे. गुगलला नेमका याच गोष्टीचा अंदाज हवा होता: कोणाला तरी हे पान दखल घेण्याजोगे वाटले का?

डीमॉझच्या बाबतीत फायदा आणखी वाढे. तिथली सगळी माहिती कोणालाही फुकट उतरवून घेता येई आणि असंख्य वेबसाइटा ती आपापल्या पानांवर छापत. एका नोंदीतून अनेक लिंका तयार होत. गुगलनेही २००० साली याच माहितीवर स्वतःची डिरेक्टरी उभी केली होती, ती २०११मध्ये बंद झाली. शोधाच्या निकालात वेबसाइटच्या नावाखाली दिसणाऱ्या ओळीही गुगल कधीकधी डीमॉझच्या नोंदीतून उचलत असे. वेबसाइटचालकांसाठी गुगलने लिहिलेल्या जुन्या सूचनांत तर याहू आणि डीमॉझमध्ये नाव नोंदवावे असे स्पष्ट म्हटले होते. याहू व्यावसायिक वेबसाइटांकडून वर्षाला २९९ डॉलर घेई, आणि तेही वेबसाइट तपासण्यासाठी; नोंद होईलच याची हमी नसे. डीमॉझ फुकट होते, पण तिथे महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. तरीही लोक ताटकळत थांबत, कारण मिळणारी नोंद मोलाची होती.

मागणी एवढी आणि निवड एवढी काटेकोर म्हटल्यावर मधल्या जागेत बाजार उभा राहणारच. तयार सॉफ्टवेअर घेऊन कोणीही एका दुपारी डिरेक्टरी काढू शकत असे. २००५च्या आसपास अशा डिरेक्टऱ्यांचे पेव फुटले आणि त्यांत नोंदी भरण्याचे काम मोठ्या प्रमाणावर भारतात आले. कामाचे स्वरूप असे. समोर एक फॉर्म. त्यात वेबसाइटचा पत्ता, शीर्षक, अडीचशे अक्षरांत वर्णन, वर्गाची निवड आणि ईमेल. खाली वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा. तो भरायचा, ईमेलवर आलेल्या लिंकवर क्लिक करून नोंद पक्की करायची आणि पुढची डिरेक्टरी उघडायची. तीच वेबसाइट, तेच वर्णन दोनचार शब्द फिरवून, आणि शीर्षकाच्या जागी दुकानाच्या नावाऐवजी ज्या शब्दांवर वर यायचे ते शब्द. भरणाऱ्याने वेबसाइट वाचलेली नसे, डिरेक्टरीच्या मालकानेही नाही. त्या डिरेक्टरीत काही शोधायला येणारा वाचकही नसे. लिंक होती, पण तिच्यामागची निवड नाहीशी झाली होती.

गुगलला हे ओळखणे अवघड गेले नाही. शेकडो पाने, सगळ्यांचा साचा एक, वर्णने सारखी, लिंकेचे शब्द तंतोतंत तेच आणि वाचकांची वर्दळ शून्य. २४ एप्रिल २०१२ रोजी गुगलने पेंग्विन नावाचा बदल लागू केला. अशा लिंकांच्या आधारावर वर आलेल्या वेबसाइटा तेव्हा एकदम खाली गेल्या. ज्या दुकानदाराने लिंक म्हणजे काय हे कधी विचारलेही नव्हते, त्याचीही वेबसाइट त्यात गेली, आणि नोंदी काढून टाका म्हणून त्याच डिरेक्टऱ्यांना पत्रे लिहिण्याची पाळी आली. २०१६पासून पेंग्विन गुगलच्या मूळ हिशोबाचाच भाग झाला आणि रोख बदलला. आता अशा लिंका सहसा नुसत्या दुर्लक्षिल्या जातात. गुगलच्या स्पॅमविषयक नियमांत हलक्या दर्जाच्या डिरेक्टऱ्यांतल्या लिंकांचा उल्लेख आजही नाव घेऊन केलेला आहे.

जुन्या, चांगल्या डिरेक्टऱ्याही राहिल्या नाहीत. याहूची डिरेक्टरी डिसेंबर २०१४मध्ये बंद झाली, डीमॉझ १७ मार्च २०१७ रोजी. डीमॉझमध्ये शेवटी ३८ लाखांहून अधिक वेबसाइटा होत्या आणि त्यांच्यावर सुरुवातीपासून सुमारे ९० हजार स्वयंसेवकांनी हात फिरवला होता. माणसांनी विनामोबदला वाचून, निवडून लावलेली एवढी मोठी सूची वेबवर पुन्हा झालेली नाही. तिच्या जुन्या संपादकांपैकी काहींनी कर्ली या नावाने काम पुढे चालू ठेवले आहे, पण रँकिंगच्या दृष्टीने तिला डीमॉझचे स्थान नाही.

म्हणजे कोणत्याही विषयाची कोणतीही वेबसाइट घेणाऱ्या सर्वसाधारण डिरेक्टऱ्यांपुरते उत्तर स्पष्ट आहे: रँकिंगसाठी त्यांचा उपयोग उरलेला नाही. पाचशे डिरेक्टऱ्यांत नोंद असे पॅकेज घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

स्थानिक व्यवसायांचे गणित मात्र वेगळे आहे. 'जवळचा चष्मेवाला' असे शोधले की गुगल नकाशा आणि त्याखाली तीन दुकाने दाखवते. हा क्रम लावताना शोधाशी जुळणी, अंतर आणि दुकानाची प्रसिद्धी या तीन गोष्टी पाहिल्या जातात, असे गुगलच सांगते. प्रसिद्धी ठरवताना वेबवर इतरत्र त्या दुकानाबद्दल काय सापडते हेही धरले जाते, आणि त्यात डिरेक्टऱ्या येतात. इथे लिंकेपेक्षा नोंदीतल्या मजकुराला किंमत आहे. नाव, पत्ता आणि फोन नंबर या तीन गोष्टी चार ठिकाणी जुळल्या, तर दुकान खरोखर तिथे आहे याची खात्री वाढते.

समजा, पुण्यातल्या सदाशिव पेठेतले एक चष्म्याचे दुकान पाच वर्षांपूर्वी कोथरूडला हलले. गुगलवरच्या नोंदीत नवा पत्ता आहे, एका डिरेक्टरीत जुना पत्ता आणि बंद पडलेला लँडलाइन, दुसरीत जुना पत्ता पण नवा मोबाइल. गिऱ्हाईक पेठेत जाऊन बंद शटर पाहून परत येते, आणि गुगललाही कोणती नोंद खरी धरावी हा प्रश्न पडतो. अशी नोंद दुरुस्त करणे हे अर्ध्या तासाचे काम, पण नव्या पन्नास नोंदींपेक्षा जास्त उपयोगाचे. त्याउलट 'टिळक रोड' आणि 'टिळक रस्ता' एवढ्या फरकाची धास्ती घ्यायचे कारण नाही. सल्लागार असे फरक फार वाढवून सांगतात. गुगलला ते समजतात.

भारतात अशा व्यवसायांच्या डिरेक्टऱ्यांत पुढे असलेली नावे म्हणजे १९९६ साली सुरू झालेल्या जस्टडायल आणि इंडियामार्ट. पहिली गिऱ्हाईक आणि दुकान यांची गाठ घालते, दुसरी घाऊक माल घेणारा आणि कारखानदार यांची. अशा डिरेक्टऱ्यांतून मिळणारी लिंक अनेकदा 'नोफॉलो' खुणेची असते, म्हणजे ती मत म्हणून धरू नये असे गुगलला सुचवलेले असते. ही खूण २००५मध्ये आली. पण 'नाशिकमधले प्लंबर' असे शोधले की निकालात बऱ्याचदा वर दिसते ते या डिरेक्टऱ्यांचेच पान. स्वतःची वेबसाइट तिथवर पोहोचणार नसेल, तर त्या पानावर नाव असणे हाच पोहोचण्याचा मार्ग ठरतो. हा फायदा रँकिंगचा नव्हे, गिऱ्हाइकाचा. आणि दुकानाला शेवटी तोच हवा असतो.

जुन्या डिरेक्टरीचा खरा गुण आज टिकून आहे तो तिसऱ्याच प्रकारात. व्यापारी संघटनेची सदस्यसूची, डॉक्टरांच्या किंवा वास्तुविशारदांच्या संस्थेची यादी, विद्यापीठाच्या ग्रंथालयाने निवडून ठेवलेली संदर्भस्थळे, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाने आपल्या गावातल्या मराठी व्यावसायिकांची केलेली यादी. इथे नाव घालण्याआधी कोणीतरी विचारपूस करते, म्हणून तिथली लिंक मत म्हणून आजही चालते.

एखादी डिरेक्टरी यांपैकी कोणत्या प्रकारातली, हे पैसे भरण्याआधी तपासता येते. तिच्यातले आपल्या व्यवसायाचे पान उघडून पाहावे. तिथली दुकाने खरी, चालू आणि एकाच धंद्यातली आहेत, की चष्मेवाल्याशेजारी कर्जवाटप आणि ऑनलाइन जुगार आहे? आपल्या गावाचे नाव आणि व्यवसाय गुगलवर टाकल्यावर ते पान दिसते का? ज्यांची नोंद आधीपासून आहे त्यांनी वेबसाइटच्या ॲनालिटिक्समध्ये त्या डिरेक्टरीकडून महिन्याला किती माणसे आली ते पाहावे, आणि फोन करणाऱ्याला नंबर कुठे मिळाला हे विचारून वहीत टिपून ठेवावे. तीन महिन्यांच्या त्या नोंदीवरून पुढच्या वर्षाची वर्गणी भरायची की नाही, हे ठरवता येते.