गुलमर्गला हवामान बिघडले की स्कीइंग का थांबते? आणि बार्शीटाकळीच्या हरभऱ्याचा त्याच्याशी काय संबंध?

फेब्रुवारीत वऱ्हाडातून काश्मीरला जाणाऱ्या पर्यटकांच्या यादीत गुलमर्गचा एक दिवस ठरलेला असतो. सकाळी गोंडोला, मग बूट आणि स्की भाड्याने घेऊन बर्फावर घसरण्याची हौस. पण वर पोहोचल्यावर अनेकदा कळते की वाऱ्यामुळे गोंडोला बंद आहे, ढग खाली उतरले आहेत आणि चार हातांवरचे दिसत नाही. त्याच आठवड्यात इकडे अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी तालुक्यात हरभऱ्याची सोंगणी चालू असते आणि आभाळ भरून येते. या दोन्ही गोष्टींमागे बरेचदा एकच कारण असते : पश्चिमी विक्षोभ.

पश्चिमी विक्षोभ म्हणजे काय?

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या परिसरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांसोबत ती इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करत हिमालयाला येऊन थडकतात. वाटेत गोळा झालेले बाष्प डोंगराला अडून वर चढते, थंड होते आणि बर्फ होऊन पडते. काश्मीरचा हिवाळी बर्फ मुख्यतः या विक्षोभांचीच देणगी आहे.

म्हणजे स्कीइंगसाठी ‘खराब’ हवामान आधी यावेच लागते. ते आले नाही तर काय होते, हे २०२५ मध्ये दिसले. पुरेसा बर्फ नसल्याने गुलमर्गमधील ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या मार्चमध्ये झाल्या.

वाऱ्यामुळे गोंडोला का थांबवतात?

गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदोरीपर्यंत जातो आणि दुसरा अफरवटच्या खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३,९५० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे खाली शून्य अंश असेल तर वर उणे आठ-नऊ अंश असू शकतात. त्यात वारा मिसळला की अंगाला जाणवणारी थंडी आणखी वाढते. उणे १० अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे २१ अंशांसारखी लागते.

मुख्य धोका मात्र केबलला लटकलेल्या डब्यांना असतो. वाऱ्याने डबे झोके घेऊ लागले की खांबांजवळून जाताना ते आदळण्याची भीती असते. २५ जून २०१७ रोजी जोरदार वाऱ्याने उन्मळलेले झाड गुलमर्गच्या गोंडोलावर कोसळले आणि सात जणांचा जीव गेला. तेव्हा उन्हाळी हंगाम होता. म्हणजे बर्फ नसतानाही नुसता वारा पुरेसा घातक ठरतो. वाऱ्याने पडणारे झाड काय करू शकते, हे अकोला जिल्ह्यानेही पाहिले आहे. ९ एप्रिल २०२३ रोजी पारस येथे वादळात मंदिर परिसरातील पत्र्याच्या शेडवर झाड पडून भाविकांचा मृत्यू झाला होता.

ढगात नेमके काय दिसत नाही?

उन्हात बर्फावरचे उंचवटे, खड्डे आणि उतार सावल्यांमुळे कळतात. ढग दाटले की प्रकाश सगळ्या बाजूंनी सारखा विखुरतो आणि सावल्याच नाहीशा होतात. खाली पांढरे, वरही पांढरे. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते ते समजत नाही. अशा वेळी आपण उभे आहोत की घसरत आहोत, याचाही अंदाज चुकतो. अनुभवी स्कीअर म्हणूनच झाडांच्या जवळून जातात, कारण काळी खोडे नजरेला आधार देतात. पिवळ्या किंवा गुलाबी काचेचा चष्मा थोडी मदत करतो, पण दाट ढगात तोही निरुपयोगी असतो.

बर्फ थांबला, मग लगेच वर का सोडत नाहीत?

कारण धोका बर्फ थांबल्याबरोबर संपत नाही. जुन्या थरावर नवा थर साचतो, वारा आणखी बर्फ वाहून आणून एका बाजूला रचतो. मधला एखादा थर ठिसूळ असला, तर एका माणसाच्या वजनानेही वरची अख्खी लादी सुटते. हेच हिमस्खलन. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, आणि स्कीइंगला मजा येते तीही अशाच उतारांवर. नवा बर्फ पडताना आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत जोखमीचे मानले जातात.

१ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर झालेल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर दगावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी पुन्हा गुलमर्गच्या वरच्या उतारांवर एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढले तर वाचण्याची शक्यता चांगली असते. नंतर ती झपाट्याने घटते. म्हणून आखलेल्या मार्गाबाहेर जाणाऱ्यांकडे संकेत देणारे यंत्र, शोधकाठी आणि फावडे असावेच लागते, आणि शक्यतो स्थानिक वाटाड्याही.

तिकडे बर्फ, मग इकडे गारा का?

विक्षोभाचा पट्टा कधी कधी दक्षिणेकडे लांबतो आणि मध्य भारतावर उंचावर थंड, कोरडी हवा आणतो. त्याच वेळी खालून बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वऱ्हाडाची जमीन तापू लागलेली असते. खाली उबदार दमट हवा आणि वर गार हवा असे झाले की हवा जोराने वर उसळते. पाण्याचे थेंब गोठणबिंदूच्या वर फेकले जातात, त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात आणि वजन पेलेनासे झाले की गारा खाली येतात. काश्मीरमध्ये हवा डोंगरावर तुलनेने संथपणे चढते, म्हणून तिथे हलके हिमकण पडतात.

फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रात झालेली गारपीट शेतकरी अजून विसरलेले नाहीत. काढणीला आलेला गहू आडवा होतो, सोंगून ठेवलेल्या हरभऱ्याची गंजी भिजते आणि दाणा काळा पडतो. अर्थात, प्रत्येक विक्षोभ विदर्भापर्यंत पोहोचतोच असे नाही.

मग करायचे काय?

गुलमर्गसाठी एकच दिवस न ठेवता दोन ठेवावेत. निघण्यापूर्वी भारतीय हवामान विभागाच्या श्रीनगर केंद्राचा अंदाज पाहावा. चंदीगडची ‘डीजीआरई’ ही संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, तेही पाहावेत. गोंडोला बंद असेल तर वर जाण्याचा दुसरा मार्ग शोधू नये. नवशिक्यांसाठी खालचे सौम्य उतार पुरेसे असतात. ढग उतरले तर तेही सोडून परतावे.

घरी राहिलेल्यांसाठी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा महत्त्वाचा. अकोल्यासाठी पिवळा किंवा नारिंगी इशारा असेल, तर सोंगलेला हरभरा शेतात पसरून न ठेवता गंजी घालून ताडपत्रीने झाकावा. विजा चमकत असताना मात्र पीक झाकायला धावू नये. गंजी भिजली तर तिला पुन्हा ऊन देता येते, माणसाच्या जिवाचे तसे नाही.