मेजावरून मेनफ्रेमची पारख

तळोजे औद्योगिक वसाहत आणि कळंबोलीचा पोलाद बाजार यांच्या शेजारी वसलेल्या रोडपालीत, एखाद्या सदनिकेच्या बैठकीत मेज मांडून कोणी प्रोग्रामर परदेशी विमा कंपनीच्या हप्त्यांचा हिशेब तपासत बसलेला असला, तरी तो हिशेब अखेरीस ज्या यंत्रावर चालायचा ते मेनफ्रेम समुद्रापलीकडच्या कुलूपबंद दालनात असते. आणि त्या अदृष्ट यंत्राच्या वर्तनाचा अदमास हाताशी असलेल्या यंत्रावरून बांधणे, हाच या कसबाचा गाभा होय.

आयबीएमने सिस्टिम/३६० ही मेनफ्रेमची मालिका १९६४ साली जाहीर केली, आणि बँका, विमा कंपन्या व सरकारी खाती यांचा जमाखर्च आजही मोठ्या प्रमाणावर तिच्याच वंशजांवर, बहुधा कोबोल भाषेत, चालतो. याच सुमारास कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक रुजू झाला. त्या काळी छिद्रांकित कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरच्या स्वाधीन करावा, आपली पाळी येईपर्यंत स्वस्थ बसावे आणि अखेर हाती आलेल्या छापील कागदावरून एका स्वल्पविरामाची चूक उमगावी, असा शिरस्ता होता.

यंत्र जवळ नसताना त्याचे काम करण्याची विद्या मात्र मुंबईला सत्तरच्या दशकापासूनच अवगत आहे. १९६८ साली स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने, फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली, १९७४ च्या सुमारास बरोज कंपनीच्या रुग्णालय-हिशेबाच्या प्रणालीचे रूपांतर हाती घेतले. बरोजचे यंत्र अद्याप यायचे होते. जवळ होते ते आयसीएल १९०३. तेव्हा दोन यंत्रांच्या कोबोलमधील भेद मिटवणारा 'फिल्टर' नामक प्रोग्राम रचून, परक्या यंत्राचे काम घरच्या यंत्रावर पार पाडण्यात आले.

आज मेनफ्रेमचे प्रोग्राम मेजावरून तपासण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत प्रोग्राम मेनफ्रेमवरच धावतो आणि मेजावरचा डिबगर, म्हणजे चुका शोधण्याचे साधन, त्याला हव्या त्या ओळीवर थोपवून चलांतील मूल्ये दाखवतो. दुसरीत मेनफ्रेमचे वातावरणच मेजावर उभारले जाते: मूळच्या मायक्रो फोकसच्या साधनांनी कोबोल व जेसीएल ही जॉबच्या आज्ञांची भाषा साध्या संगणकावर चालवता येतात, तर आयबीएमचे स्वतःचे अनुकरण-साधन इंटेल यंत्रावर मेनफ्रेमची अख्खी झेड/ओएस ही कार्यप्रणाली चालवते. मेनफ्रेमवर लागणाऱ्या वेळेचे मोल द्यावे लागते आणि तेथील चाचणीची जागा अनेकांत वाटलेली असते, म्हणून दुसरी रीत कंपन्यांना किफायतशीर वाटते.

या विद्येची कसोटी पाहायची तर 'सॉक-सेव्हन' या कुप्रसिद्ध दोषाइतके योग्य उदाहरण नाही. कोबोलच्या कॉम्प-३ पद्धतीत १२,३४५ ही धन रक्कम तीन बाइटांत १२, ३४, ५सी अशी बांधली जाते, आणि शेवटचा 'सी' तिचे धनत्व सांगतो. आता कोणी नवी नोंद तयार करताना तिच्या सर्व जागा मोकळ्या अक्षरांनी भरल्या आणि रकमेच्या रकान्यात शून्य घालण्याचे विसरले, तर तेथे मोकळ्या अक्षराचा संकेत, म्हणजे ४०, ४०, ४०, उरतो; शेवटचे शून्य हे चिन्ह नव्हे, म्हणून बेरीज करू जाताच यंत्र काम मध्येच थांबवते आणि बॅच जॉब कोसळतो. पूर्वी अशा प्रसंगी षोडशमान अंकांनी भरलेला डंप चाळत पत्ते जुळवत बसावे लागे. डिबगरमध्ये बेरजेच्या आधीच्या ओळीवर थांबून तो रकाना उघडला की अपराधी तत्काळ सापडतो.

परंतु कोसळणारा दोष निदान स्वतःची वर्दी देतो. मुकाट्याने चुकणारा अधिक घातक. मेनफ्रेमच्या एब्सिडिक संकेतात अक्षरे आधी व अंक नंतर येतात, साध्या संगणकाच्या आस्कीत नेमके उलट. पॉलिसी क्रमांकांत अक्षरे आणि अंक मिसळलेले असतील, तर एका क्रमाने लावलेल्या फाइली दुसऱ्या क्रमाच्या अपेक्षेने ताडून पाहताना नोंदी जुळत नाहीत, आणि कोणतीही तक्रार न करता जॉब यशस्वी म्हणून संपतो. यास्तव मेजावरील प्रतिकृतीने मूळ यंत्राचा वर्णक्रमसुद्धा उचलला पाहिजे. ही सोय साधनांत असते, पण ती चालू आहे की नाही याची खातरजमा माणसालाच करावी लागते.

म्हणूनच जाणते लोक मेजावरील चाचणीने चुकांचा मोठा भाग लवकर आणि स्वस्तात निपटतात, तथापि अंतिम निकाल मेनफ्रेमवरच घेतात. १९७४ च्या त्या अभियंत्यांना दोन्ही यंत्रांच्या खोडी ठाऊक असल्यावाचून गत्यंतर नव्हते. आजच्या साधनांनी श्रम पुष्कळ हलके केले, ती अट मात्र सैल केलेली नाही.